गुडघ्याची वाटी

डोंबिवलीतल्या त्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी अडतीस वर्षांच्या. मागच्या पावसाळ्यात त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला. जिना चढताना कमी, उतरताना जास्त. लोकलमध्ये पाऊण तास बसून उठलं की पहिली चार पावलं लंगडत पडायची. एक्स-रे काढला, तर तो अगदी स्वच्छ! झालं, घरात निकाल लागला. ‘‘हाडात काही नाही म्हणजे काही नाही,’’ यजमान म्हणाले. सासूबाईंनी तिळाचं तेल कोमट करून दिलं, पण चोळणार कोण? त्या घरात दुसऱ्यांचे पाय चेपायचं काम आजवर वहिनींचंच.

वास्तविक या दुखण्यात एक्स-रे बहुधा निर्दोषच येतो. गुडघ्याची वाटी हे मांडीच्या स्नायूच्या दोरीत ओवल्यासारखं सुटं हाड. पाय वाकला की ती मांडीच्या हाडाच्या खाचेतून सरकते. जिना उतरताना, उकिडवं बसताना तिच्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट दाब येतो. मांडीचे, खुब्याचे स्नायू कमजोर असले किंवा चढउतार एकाएकी वाढली, की हा भार सोसवेनासा होतो. म्हणजे वहिनींचं दुखणं खरंच होतं.

शेजारणीने एका फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. मुलगी असेल पंचविशीची. तिने गुडघ्याखाली टॉवेलची सुरळी ठेवली, मांडी सैल सोडायला सांगितली आणि दोन्ही अंगठ्यांनी वाटी हलकेच आतल्या बाजूला सरकवली. एकदा नव्हे, पुन:पुन्हा. मांडीच्या बाहेरच्या कडेचे आखडलेले स्नायू दाबून मोकळे केले. शेवटी वाटी आत ओढून धरणारी चिकटपट्टी लावली. पट्टीची ही रीत जेनी मॅककॉनेल या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने १९८६ साली मांडली. घामाने खाज सुटते खरी, पण त्या संध्याकाळी वहिनी जिना कठडा न धरता उतरल्या.

मग आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालं. गुण हातांचा होताच, पण आणखीही काही होतं. वीस मिनिटं कुणीतरी आपला पाय हातात घेतं, ‘‘इथे दुखतं का?’’ विचारतं आणि उत्तरासाठी थांबतं, हे वहिनींच्या संसारात नवीनच होतं.

सहाव्या खेपेला मुलगी म्हणाली, ‘‘काकू, आज मी हात लावणार नाही. व्यायाम किती दिवस केलात?’’

वहिनी गप्प. व्यायामाचा कागद डब्यांच्या फळीवर घडी घालून ठेवलेला होता, तसाच.

‘‘माझ्या हातांनी दोन दिवस बरं वाटेल. त्या दोन दिवसांत स्नायूंना कामाला लावायचं असतं. ते माझ्या हातात नाही.’’

वहिनींना क्षणभर रागच आला. पण मुलीचं बरोबर होतं. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही, या दुखण्यावर नुसते हाताचे उपचार करू नयेत, खुब्याच्या आणि गुडघ्याच्या व्यायामांवर भर द्यावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. नुसत्या चोळण्यावर महिनोन्‌महिने पेशंट टिकवणारे थोडे नाहीत. ही मुलगी आपलं गिऱ्हाईक आपणच घरी पाठवत होती!

व्यायाम साधेच. कुशीवर झोपून वरचा पाय उचलायचा, पाठीवर झोपून कंबर वर घ्यायची, खुर्चीतून सावकाश उठायचं-बसायचं, बुटक्या पाटावरून एकेक पाय हळू खाली टेकवायचा. थोडं दुखलं तर चालेल, दुसऱ्या दिवशी वाढता कामा नये. गुडघा सुजला, अडकला किंवा एकाएकी दगा देऊ लागला तर मात्र डॉक्टरांनाच दाखवायचं.

त्या रात्री वहिनींनी कुकर लावला आणि बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली.

‘‘वीस मिनिटं मला हाक मारू नका.’’

‘‘अगं, पण कुकर?’’ यजमानांनी टीव्हीवरची नजर काढली.

‘‘तीन शिट्ट्या. तुम्ही मोजा.’’

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. दुसऱ्या शिट्टीलाच तो उठून ओट्यापाशी जाऊन उभा राहिला.