डावा की उजवा

मे महिन्यात माथेरानच्या घोडेवाल्याला घोड्याचे पाय बघायला सवड नसते. दस्तुरी नाका ते बाजारपेठ, तिथून पॉइंट, परत नाका. नाल सहा-सात आठवड्यांनी बदलायचे, हे घरच्या पोरालाही ठाऊक. मी मात्र 'सीझन संपू दे' म्हणत दहावा आठवडा गाठला. मग माझी घोडी बिजली लंगडायला लागली.

नालबंद चाचांना बोलावलं. "पुढचा डावा पाय आहे चाचा, खडा रुतला असणार." त्यांनी पायाला हातही लावला नाही. "चालव आधी." चालवली. त्यांची नजर पायांवर नव्हतीच, मानेवर होती. "डावा नाही, उजवा."

ज्या पायावर मान खाली जाते तो दुखरा, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. असतं उलटं. दुखरा पाय टेकला की घोडा डोकं वर झटकतो, भार कमी करायला. चांगल्या पायावर मान खाली येते. लगाम धरण्यात आयुष्य गेलं आणि हे मला साठीच्या माणसाने सांगावं!

उजवं खूर गरम लागत होतं. नाल काढला. महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढणारं खूर नालाच्या कडेवर चढलं होतं आणि नालाची मागची टोकं आत सरकून तळव्यात रुतली होती. चाचांनी पकडीने तळवा जागोजाग दाबला. टाचेशी बिजलीने पाय हिसकला. तिथे सुरीने अलगद कोरलं, तर काळं, घाणेरडं पाणी आलं. कोमट मिठाच्या पाण्यात पाय, वर पट्टी. धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरही चाचांनीच बोलवायला लावला.

खुरावरच्या आडव्या कड्यांवरून बोट फिरवत ते म्हणाले, "इथे चारा कमी पडला होता, पावसाळ्यात." खरं होतं. खूर वरून खाली यायला वर्षभर लागतं. तेवढ्या दिवसांचं सगळं त्यावर उमटलेलं असतं. मला ओशाळल्यासारखं झालं.

बिजली तबेल्यात, मी पायरीवर. ऐन सीझनच्या फेऱ्या गेल्या त्या गेल्याच. समोरून काकांचा घोडा गेला. मी मानेकडे बघितलं.

"काका, चाचांना दाखवा जरा."

"बघू रे. सीझन संपू दे."