खडूने लिहिलेला क्रमांक



आयुष्यभर हातात खडू धरल्यामुळे असेल, पण दुसऱ्या महायुद्धाविषयी वाचताना एका बारीकशा तपशिलावर मी थबकलो. ५ जून १९४४ च्या रात्री इंग्लंडमध्ये छत्रीधारी सैनिक विमानांत चढले, तेव्हा विमानांच्या अंगावर खडूने क्रमांक घातलेले होते. आपलं विमान चटकन ओळखता यावं, एवढाच हेतू. पुढे अमेरिकी सैन्यात एका विमानातल्या तुकडीलाच ‘चॉक’ म्हणू लागले. चॉक म्हणजे आपला खडूच की!

त्या रात्री आठशेहून अधिक डाकोटा विमानं सुमारे १३,००० अमेरिकी सैनिकांना घेऊन नॉर्मंडीकडे निघाली. त्या विमानांचं पुढे काय झालं, याचा माग काढणारी माणसं आजही आहेत. सर्वांत पुढच्या विमानाचं नाव होतं ‘दॅट्स ऑल, ब्रदर’. हा टोमणा हिटलरला! युद्ध संपल्यावर ते विकलं गेलं, कितीतरी हातांतून फिरलं. २०१५ साली अमेरिकेतल्या ऑशकॉश गावी एका कारखान्यात ते कापून नव्या रूपात बांधायच्या बेतात होते. क्रमांकावरून एका इतिहास-अभ्यासकाने त्याचा ठावठिकाणा लावला होता, म्हणून ते वाचलं. २०१९ साली, पंचाहत्तराव्या वर्षी, ते पुन्हा नॉर्मंडीला उडत गेलं. दुसरं एक विमान, ‘स्नाफू स्पेशल’, युगोस्लाव्हियाच्या हवाई दलात जाऊन शेवटी बोस्नियात मोडकळीला आलेलं सापडलं. आज ते नॉर्मंडीतच मेरव्हिल इथे उभं आहे.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. सहासष्ट क्रमांकाच्या विमानात लेफ्टनंट थॉमस मीहान होता. वय २२, एका कंपनीचा प्रमुख. निघण्यापूर्वी त्याने पत्नीला घाईघाईने चार ओळी लिहून पाठवल्या. तोफांच्या माऱ्यात ते विमान पेटून एका खेड्याजवळ कोसळलं. २२ जण गेले, एकही वाचला नाही. देह वेगवेगळे ओळखता येण्यासारखे उरले नव्हते. पण त्या विमानात कोण कोण बसलं होतं, याची यादी होती! त्या खेड्यात आज त्यांचं स्मारक आहे.

मला ही यादी म्हणजे शाळेतला हजेरीपट वाटतो. कोणा कारकुनाने कंटाळत लिहिलेला असेल. पण त्याच्यामुळेच पुढे ‘हा मुलगा इथे होता’ असं खात्रीने सांगता आलं. हरवलेल्या प्रत्येक विमानाचा अहवाल अमेरिकी हवाई दल भरत असे. त्यात इंजिनांचे क्रमांकसुद्धा असत आणि माणसांच्या जवळच्या नातलगांची नावंही.

आमच्या लहानपणी गावात एक आजी होत्या. नवरा ब्रह्मदेशच्या लढाईला गेला तो परत आला नाही. ‘बेपत्ता’ एवढा एकच शब्द घरी आला. त्यांनी अखेरपर्यंत कुंकू लावलं. लोक कुजबुजायचे, त्या लक्ष द्यायच्या नाहीत. ज्याचा शेवट कळला नाही, त्याचं दुःख तरी किती करायचं आणि कधी थांबवायचं?

म्यानमारमध्ये रंगूनजवळ टाउक्यान इथे एक स्मारक आहे. ज्यांची कबर नाही किंवा अंत्यसंस्काराचा पत्ता नाही, अशा सुमारे २७,००० जणांची नावं तिथे कोरलेली आहेत. त्यांत आपल्याकडचे पुष्कळ. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाच्या संकेतस्थळावर नाव टाकून ती घरबसल्या शोधता येतात. आजींच्या हयातीत ही सोय नव्हती.

तुमच्या घरी अशी एखादी ट्रंक असेल, तर ती उघडा. पलटणीचं नाव, शिपाई क्रमांक, फोटोमागची अक्षरं... जे सापडेल ते वहीत उतरवून ठेवा. विमानाचा माग क्रमांकावरून लागतो, तसा माणसाचाही लागू शकतो. फक्त तो कुणीतरी लिहून ठेवलेला हवा.

असो.