ताठ पाठीची सायकल

एनडीएत तीन वर्षं काढलेल्या माणसाला सायकलचं कौतुक सांगू नये, असं माझे कोर्समेट म्हणतात. खरंच आहे. खडकवासल्यात सायकल म्हणजे हौस नव्हे. क्लासला, परेडला, पोहायला, सगळीकडे ओळीत सायकलवरूनच जायचं. सीनियरची मर्जी फिरली, तर तिलाच खांद्यावर घेऊन पळायचं. पासिंग आउटनंतर बहुतेकांनी तिला रामराम ठोकला. मी चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा हँडल धरलं, ते बिन्नागुडीला.

बिन्नागुडी म्हणजे उत्तर बंगालच्या डुआर्समधलं कँटोन्मेंट. भोवती चहाचे मळे, रस्ते सपाट, अधूनमधून हत्तीही आत येतात. तिथल्या बाजारातून मी साधी काळी सायकल घेतली. २८ इंची चाकं, रॉड ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे कॅरिअर. गिअर एकही नाही.

हा नमुना मूळचा इंग्रजी रोडस्टरचा. १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलास आणि १९५६ मध्ये लुधियान्याला हीरो सुरू झाली, आणि दूधवाल्यापासून मास्तरांपर्यंत सगळे यावर बसले. २०२० मध्ये ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनीच.

या सायकलीत शहाणपण आहे. हँडल उंच आणि आपल्याकडे वळलेलं, म्हणून पाठ ताठ आणि नजर समोर. सांगाडा लांब, सीटखाली स्प्रिंगा, म्हणून खड्डे फारसे जाणवत नाहीत. चेनकव्हरमुळे पँटला वंगण लागत नाही, मडगार्डमुळे पाठीवर चिखल उडत नाही. इस्त्रीच्या युनिफॉर्ममध्ये खुशाल ऑफिसला जावं. आमचे तरुण कॅप्टन रविवारी घट्ट कपडे घालून गिअरच्या सायकलवर चाळीस किलोमीटर मारून येतात. सोमवारी आठशे मीटरवरच्या ऑफिसला मात्र गाडी लागते!

पण खरा फायदा मला वेगळाच झाला. सैनिक संमेलनात सीओ साहेबांनी "कोई तकलीफ?" विचारलं की तीनशे जवान गप्प. जीपला सॅल्यूट मिळतो, तक्रार मिळत नाही. एका संध्याकाळी एक शिपाई पंक्चर झालेली सायकल ढकलत लाइनकडे निघाला होता. मी उतरून त्याच्याबरोबर चालू लागलो. आधी पंक्चर, मग गावचा पाऊस, मग शेत. गेट दिसू लागलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "साब, माँ का ऑपरेशन है, परसों." रजेवर आधीच दोघे गेलेत, म्हणून त्याने मागितलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने तो निघाला.

ऑपरेशन नीट झालं. परतल्यावर त्याने माझ्या सायकलच्या चेनला न सांगता तेल घातलं.

निवृत्त मंडळींनो, तुमच्या अंगणात अशी एखादी उभी असेल तर हवा भरा. भाजीला तिच्यावरून जा. रस्त्यात माणसं थांबवतील, थोडा उशीर होईल. होऊ द्या.