पळणाऱ्याला पळू द्यावं!

मैत्रिणींनो, मासा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? कोळणीची पाटी, कोकम-तिरफळं नि घरभर दरवळणारं कालवण. पण मासा धरायचा तो पुन्हा पाण्यात सोडण्यासाठी, असं कुणी सांगितलं तर? मलाही आधी हसूच आलं होतं.

ह्यांच्या निवृत्तीनंतर एप्रिलात आम्ही उत्तराखंडात पंचेश्वरला गेलो. तिथे सरयू कालीला मिळते, पलीकडच्या काठावर नेपाळ. त्या वेगवान पाण्यात सोनेरी महाशीर राहतो. परवाना काढून ह्यांच्याबरोबर मीही काठी हातात घेतली.

या गळाला खरं आमिष नसतं. पिसं नि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी असते. भरतकामासारखंच नाजूक काम. तिला वजन नाही, म्हणून दोरच वजनदार. काठी मागेपुढे झुलवली की दोर हवेत उलगडतो नि माशीला नेऊन टाकतो. इथे जोर कामाचा नाही. ताक घुसळताना हाताला असते तशी लय हवी.

दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या सकाळी असा हिसका बसला की बस्स! रीळ गरगरू लागलं. महाशीर जागेवर झुंजत नाही, धारेबरोबर खाली सुसाट पळतो. तीसेक मीटर दोर बघता बघता गेला, मागची बारीक दोरीही निघाली. अशा वेळी ओढून धरलंत की तुटलंच! तो पळेल तेव्हा पळू द्यायचं, थांबला की गुंडाळायचं. गुडघे लटपटत होते; पण खरं सांगू? त्या वीस मिनिटांत गॅस, दूधवाला, सुनेचं बाळंतपण, काही म्हणता काही आठवलं नाही. पस्तीस वर्षांच्या संसारात डोकं इतकं मोकळं कधी झालं नव्हतं!

काठाशी आल्यावर त्याला ओल्या हातांनी पाण्यातच धरलं, तोंड धारेकडे करून. कल्ले नीट हलू लागले, नि शेपटीचा फटकारा देऊन स्वारी पसार!

सोडायचं कारण साधं आहे. हा मासा आता धोक्यात आहे. अंडी घालायला तो नदीत वर चढतो, तिथे धरणं आडवी येतात. कुठे सुरुंग लावून मासे मारतात. आपल्या दख्खनच्या महाशीराचीही काळजी कुणीतरी घेतलीच. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून नद्या-तलावांत सोडली. पुढच्या वेळी चिक्की घ्यायला लोणावळ्याला उतरलात, तर एवढं जरूर आठवा.