पाऊणपटीचा हिशोब

१८१८ साली मंदसोरचा तह झाला आणि इंदूर ही होळकरांची राजधानी ठरली. त्या सुमारास आमचे मूळपुरुष गुहागरकडून इकडे आले, असे घरातल्या वंशावळीच्या वहीत लिहिलेले आहे. तेव्हापासून सात पिढ्या झाल्या. जातीच्या रकान्यात आम्ही कोकणस्थ लिहितो, कुलदैवत व्याडेश्वर सांगतो आणि प्रत्येक शुभकार्याची पहिली अक्षत त्याच्या नावाने काढून ठेवतो. परंतु सात पिढ्यांत प्रत्यक्ष गुहागरला जाऊन आलेल्या माणसांची गणती एका हाताच्या बोटांवर होईल. तीर्थरूप १९७२ साली एकदा जाऊन आले, तेही एस.टी.ने. परतल्यावर त्यांनी सांगितलेली मुख्य गोष्ट अशी होती, की तेथले लोक त्यांच्या मराठीला हसले.

येत्या माघात आम्ही दोघे भाऊ केळशीपासून गुहागरपर्यंत समुद्रकाठाने पायी जाणार आहोत. माझे वय सहासष्ट आणि वडीलबंधू अण्णांचे बहात्तर. हे ऐकल्यावर परिचितांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो मला आता पाठ झाला आहे. त्यातून वाटेत दोन रात्री उघड्यावर झोपण्याचा बेत आहे असे म्हटले, की विषय बदलण्यात येतो.

अण्णांना काचबिंदू आहे. समोरचे अक्षर ते अजून वाचतात, पण नजर चहूबाजूंनी आकसत आली आहे. बाजूने येणारी सायकल, पायाशी असलेली पायरी, उंबरठ्यावर बसलेले मांजर त्यांना दिसत नाही. गेलेली दृष्टी परत येत नाही. औषधाने उरलेली टिकवायची, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. चाळीस वर्षे शाळेत भूगोल शिकवलेला हा माणूस आता राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या पुलापर्यंतही कोणाचा तरी हात धरून जातो. गेल्या वर्षी एका लग्नानिमित्त आम्ही अलिबागला गेलो होतो. ओहोटीची वेळ होती. किनाऱ्यावर अण्णांनी माझ्या हातातला हात सोडवून घेतला आणि ते सरळ चालू लागले. अर्धा तास चालले. मी दहा पावले मागे राहिलो. परत फिरताना म्हणाले, "इथे अडखळण्यासारखे काही नाहीच रे." आणि थोड्या वेळाने, "असेच गुहागरपर्यंत जाता येईल का?"

मी भू-अभिलेख विभागात नोकरी केली. नकाशा, जरीब आणि सीमाचिन्हे यांत आयुष्य गेले. त्यामुळे प्रश्न ऐकताच प्रथम नकाशा मागवला. नकाशावर किनारा म्हणजे एक ठाम काळी रेघ असते. ती रेघ दिवसातून चार वेळा जागा बदलते, हे आम्हा माळव्यातल्या लोकांच्या ध्यानात येत नाही. आमची क्षिप्रा काय, नर्मदा काय, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. पण सकाळी एक काठ आणि दुपारी दुसरा, असा चंचलपणा नदी करीत नाही.

दापोलीत आमच्या चुलतबहिणीचे सासर आहे. तिच्या वृद्ध सासऱ्यांनी दूरध्वनीवरून मला जो धडा दिला तो मी वहीत उतरून घेतला आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकापासून मोजायचे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. चंद्रामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, तेच या पाऊणपटीत बसवले आहे. छापील तक्त्यांतल्या वेळांशी मी महिनाभर हा हिशोब ताडून पाहिला. थोड्याफार मिनिटांचा फरक सोडला तर तो चुकत नाही. कोळ्यांना आणि खलाशांना हे शाळेत शिकवावे लागले नसेल.

आमच्या बेताचा सगळा सांगाडा या पाऊणपटीवर उभा आहे. ओहोटीच्या वेळी पाण्यालगतची वाळू ओली, घट्ट आणि सपाट असते. भरतीला ती झाकली जाते आणि उरते ती वरची भुसभुशीत पांढरी वाळू, जिच्यात पाय रुततात. अण्णांच्या डोळ्यांना आणि माझ्या गुडघ्यांना पहिलीच मानवणार. अष्टमीला निघालो तर ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे उन्हात भाजून निघायचे. वद्य द्वितीयेला भरती दीडला, म्हणून ओहोटी सकाळी सव्वासात-साडेसातला. पंचमीला ती साडेनऊच्या पुढे जाते. माघात सूर्योदय सातच्या आसपास. तेव्हा द्वितीया ते पंचमी हे चार दिवस उजेड आणि ओली वाळू यांची गाठ पडते. माघ वद्य द्वितीया पक्की केली. (हे चुलतबहिणीच्या सासऱ्यांना कळवताना मी शेजारच्या हिंदी पंचांगात पाहून चुकून फाल्गुन कृष्ण द्वितीया लिहिणार होतो. दोन पंचांगांत राहणाऱ्या आम्हा लोकांचे वद्य पक्षात नेहमीच असे व्हायचे.)

केळशी, आडे, आंजर्ले, हर्णै, मुरूड, कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. ही नावे अण्णांना आता पाढ्यासारखी येतात. सगळी वाट वाळूची नाही. मध्ये डोंगराचे सुळके समुद्रात घुसलेले आहेत, तेथे वर चढून गावातल्या वाटेने जायचे. मुरूड-कर्द्याची लांब सपाट वाळू हा या प्रवासाचा गाभा. अण्णांना मोकळे सोडायचे ते तेथेच. लाडघरच्या पुढे खडक आहेत. ते मी आराखड्यातून काढून टाकले आणि तेवढ्यासाठी रिक्षा लिहिली. अण्णांनी रिक्षा खोडली नाही, पण तिच्यापुढे प्रश्नचिन्ह केले. दाभोळला वाशिष्ठीची खाडी आडवी येते. तेथून धोपाव्याला फेरीबोट आहे, गाड्यासुद्धा नेणारी. पलीकडे अंजनवेलपाशी वीजप्रकल्पाने किनारा अडवला आहे, त्यामुळे तेवढा भाग रस्त्याने. मग गुहागरची पुळण.

मुरूडचे नाव आले की धोंडो केशव कर्व्यांची आठवण येणारच. सहावीच्या परीक्षेसाठी ते लहानपणी मुरुडाहून साताऱ्याला शंभर मैलांहून अधिक अंतर पायी गेले, आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिले नाही. ती मुले रात्री कोठे झोपली असतील, हा विचार पूर्वी कधी माझ्या मनात आला नव्हता. देऊळ, पडवी, एखाद्याची ओटी. १८५७ साली वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि आमच्या इंदूरजवळच्या महूपर्यंत येताच बंडात सापडले, तेही असेच मुक्काम करीत आले होते. आमच्या मूळपुरुषांकडे तरी तंबू थोडाच असणार. नर्मदेकाठी आजही परकम्मावासी असाच राहतो. सायंकाळ झाली की आसन लावतो. उघड्यावर झोपणे हे आम्हाला नवे वाटते, कारण मधल्या दोन पिढ्यांनी ते सोडले.

त्यासाठी हल्ली बिव्ही बॅग नावाची वस्तू मिळते. तंबू नव्हे, अंथरुणाला घालायचा जलरोधक अभ्रा म्हणावा. आत झोपायची पिशवी सारायची आणि तिच्यात आपण शिरायचे. वजन किलोच्या आत, घडी केली की पाण्याच्या बाटलीएवढी. पुण्याहून चिरंजीवांनी दोन पाठवल्या, सोबत चिठ्ठी: "बाबा, गाडीने नेऊन आणतो, हे कशाला?" सौभाग्यवतींनी ती वस्तू उलगडून पाहिली आणि एकच शब्द उच्चारला. तो शब्द या पत्रिकेत छापण्यासारखा नाही, कारण तो स्मशानयात्रेशी संबंधित आहे.

मार्गशीर्षात आम्ही गच्चीवर दोन रात्री तिच्यात झोपून पाहिले. गारठा लागला नाही. मात्र पहाटे आतून हात फिरवला तर सगळे ओले. श्वासाची आणि घामाची वाफ आतल्या बाजूला थंड होऊन साचते. तोंड झाकून घेतले की अधिकच. दुसऱ्या रात्री तोंडाशी पिशवी उघडी ठेवली, अंगाखाली घोंगडी घातली, तर पुष्कळ बरे. कोकणात रात्री मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि दवही भरपूर पडते, तेव्हा घोंगडी न्यायचीच. लोकर ओली झाली तरी ऊब धरते. बिव्हीच्या कारखानदाराला हे ठाऊक असेलच, पण त्याने ते लिहिलेले नाही. गच्चीवर अण्णा बराच वेळ जागे होते. मृग नक्षत्र पूर्ण एका नजरेत मावत नाही, एकेक तारा शोधून जुळवावा लागतो, असे म्हणाले.

झोपायचे कोठे, यावर मात्र सर्वांत अधिक पत्रव्यवहार झाला. उधाणाची सर्वांत उंच भरती पौर्णिमेला नव्हे, तर एक-दोन दिवसांनी येते, म्हणजे नेमकी आमच्या पहिल्या रात्री, आणि तीही दीड-दोन वाजता, गाढ झोपेत. तेव्हा वाळलेल्या शेवाळाची जी शेवटची रेघ दिसते तिच्याही बरेच वर जायला हवे. आता वरची ती कोरडी वाळू नेमकी कासवांची. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, भरतीरेषेच्या वर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात. केळशी, आंजर्ले, कोळथरे, गुहागर हे सगळे कासवांचे किनारे. वेळास गावी २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने जे काम उभे केले, त्यामुळे आता गावोगावी कासवमित्र आहेत. भूमापनाच्या भाषेत, ही जागा आधीपासून दुसऱ्याच्या कब्जात आहे आणि त्याचा हक्क जुना आहे. म्हणून आम्ही वाळूवर न झोपता मागे सुरूच्या झाडांच्या कडेला झोपायचे ठरवले, कासवमित्राला विचारून आणि विजेरी न लावता. माडाखाली मुळीच नाही, नारळ पडतात. सुरूही पूर्वीइतके उरले नाहीत म्हणे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यात माड-पोफळीच्या बागाच्या बागा आडव्या केल्या.

दुसरी बाब कायद्याची. १९९३ चे बॉम्बस्फोट आणि २००८ चा मुंबईवरील हल्ला या दोन्ही वेळी माणसे वा सामग्री समुद्रमार्गे आली. तेव्हापासून रात्री किनाऱ्यावर दोन अनोळखी पिशव्या पडलेल्या दिसल्या तर गावकरी पोलिसांना कळवणारच, आणि कळवावेच. मी दोन्ही ग्रामपंचायतींना, पोलीस पाटलांना आणि सागरी पोलीस ठाण्याला रीतसर अर्ज केला. नाव, वय, पत्ता, आधार कार्डाची प्रत, प्रयोजन. प्रयोजनाच्या रकान्यात काय लिहावे यावर आमच्यात दोन दिवस चर्चा झाली. "पर्यटन" मला पटेना, "तीर्थयात्रा" अण्णांना पटेना. त्यांचे म्हणणे, व्याडेश्वराला गाडीनेही जाता येते, तेव्हा देवावर भार टाकू नये. शेवटी मी "पायी प्रवास" एवढेच लिहिले. एका पोलीस पाटलांचा उलट फोन आला. पाऊण तास बोलले. आमचे आडनाव ऐकून त्यांनी गुहागरातली एक बंद घराची जागा सांगितली, आणि शेवटी म्हणाले, "काका, बाहेर कशाला झोपता, देवळाच्या सभामंडपात झोपा की." हा पर्याय मी वहीत पेन्सिलीने लिहून ठेवला आहे.

अजून दोन गोष्टी ठरायच्या आहेत. अण्णांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली उन्हात तापू नये, म्हणून ती मातीच्या लहान खुजात न्यायची की ओल्या फडक्यात, हा एक. दुसरा प्रश्न लाडघरच्या रिक्षेचा. इंदूर-पुणे गाडीची जाण्याची दोन तिकिटे काढली आहेत. परतीची चार काढली, कारण वहिनी आणि आमच्या सौ. चिरंजीवांबरोबर मोटारीने गुहागरला येऊन थांबणार आहेत, पंचमीच्या दुपारपासून.