मुक्काम आत की बाहेर?

शिक्षकांना सुट्ट्या फार, असे लोक म्हणतात. सुट्ट्या आहेत, नाही कशाला म्हणू? पण त्या नेमक्या तेव्हाच असतात, जेव्हा सगळ्या महाराष्ट्राला असतात. दिवाळीत आणि मे महिन्यात हॉटेलांचे दर चढतात, गाड्या मिळत नाहीत आणि घाटात रांगा लागतात. ज्याला जुलैतल्या मंगळवारी रजा टाकता येते, त्याची सहल आणि शिक्षकाची सहल यांच्या खर्चात म्हणूनच बराच फरक पडतो.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आठ जण खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आलो. आम्ही सोलापूरचे पाच जण: मी, मिस्टर, मुलगा, मुलगी आणि माझ्या सासूबाई, म्हणजे अम्मी. मुंब्र्याचे तिघे: धाकटा दीर, जाऊ आणि त्यांचा पाच वर्षांचा मुलगा. दिराला कतारमध्ये नोकरी लागली होती आणि महिन्याभरात तो जाणार होता. पहिली दोन वर्षे सुट्टी नाही. तो जाण्याआधी एक दिवस सगळ्यांनी एकत्र काढावा, एवढाच बेत होता. मुलांनी जागा ठरवली आणि राहायचे कुठे हे ठरवायचे काम माझ्याकडे आले.

सोलापूरहून आम्हाला हैदराबादही तेवढेच जवळ. रामोजी फिल्म सिटीत आतच सितारा, तारा अशी वेगवेगळ्या दरांची हॉटेले आहेत आणि हैदराबादेत खाण्याचा प्रश्न आमच्यासारख्यांना पडतच नाही. पण दिराला जायच्या तयारीतून दोनच दिवस मिळत होते, म्हणून मुंब्र्याहून दीड-दोन तासांवरचे ठिकाण घ्यावे लागले. आम्ही सिद्धेश्वर एक्स्प्रेसने कल्याणला उतरायचे, एक दिवस मुंब्र्यात घरीच आराम करायचा, दुसऱ्या दिवशी फजरनंतर भाड्याच्या मोठ्या गाडीतून सगळ्यांनी निघायचे. त्यामुळे पैसे देऊन राहायची रात्र एकच उरली, उद्यानात फिरून झाल्यावरची.

त्या एका रात्रीसाठी माझ्यापुढे तीन पर्याय होते. एक, उद्यानाला लागून असलेले हॉटेल. इमॅजिका २०१३ साली सुरू झाले आणि २०१५ मध्ये त्याच्या शेजारीच नोव्होटेलचे हॉटेल उघडले. दोन, खोपोली गावातला साधा लॉज. तीन, घाट चढून लोणावळ्याला स्वयंपाकघर असलेला बंगला भाड्याने घेणे.

मी वहीत हिशोब मांडला. आतल्या हॉटेलात आमच्या तारखेला जादा पलंग आणि न्याहारी धरून एका खोलीचे ९,८०० रुपये. दोन खोल्यांचे १९,६००. एका दिवसाचे भाडे साडेसात हजारांच्या वर गेले की जीएसटी १८ टक्के लागतो. तो धरून २३,१२८. बंगल्याचे १२ हजार, किराणा आणि चिकनचे दोन हजार, घाटातून जाण्यायेण्याचे आणि ड्रायव्हरच्या रात्रीच्या मुक्कामाचे अडीच हजार, असे साडेसोळा. लॉजच्या तीन खोल्या, बाहेरचे जेवण आणि गाडीचा जादा फेरा मिळून नऊ हजारांच्या आत.

आकडे पाहिले तर लॉजच घ्यायला हवा होता. मालकांना फोन केला, तर नाव ऐकून म्हणाले, "या की ताई. मशीदही जवळच आहे." माणूस अगदी मोकळा. पण खोल्या दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि कमोडही नाही. अम्मी सत्तरी ओलांडलेल्या. गुडघ्यांमुळे गेली सहा वर्षे नमाजही खुर्चीवर बसून पढतात. मालकांनीच सांगितले, "म्हातारं माणूस असेल तर मी आग्रह करणार नाही." हा पर्याय तिथेच संपला, पण त्या माणसाबद्दल मनात चांगलेच राहिले.

मग बंगले. लोणावळ्याला तीन ठिकाणी फोन केले. पहिल्या ठिकाणी सुरुवातीलाच सांगितले, "आमच्या किचनमध्ये मांसाहार चालत नाही, बाकी कुणीही या." मला यात वाईट वाटण्यासारखे काही दिसत नाही. घर त्यांचे, नियम त्यांचा आणि तो सर्वांना सारखा. दुसरा बंगला आधीच गेलेला होता.

तिसऱ्या ठिकाणी सगळे जमले. तारीख रिकामी, भाडे ठरले, ॲडव्हान्स किती तेही ठरले. शेवटी "नाव सांगा मॅडम" झाले. मी नाव सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता. मग, "दोन मिनिटांत फोन करतो." दोन मिनिटांनी फोन आला, की मालकांनी ती तारीख आधीच कुणाला तरी दिली आहे, त्यांना माहीत नव्हते.

माझी बी.एड.ची एक मैत्रीण पुण्यात असते. तिला सहज सांगितले तर ती माझ्यापेक्षा जास्त तापली. तिने लगेच त्याच नंबरवर, त्याच तारखेसाठी फोन केला. तारीख रिकामी होती. तिने मला विचारले, "माझ्या नावाने घेऊन टाकू का? नंतर काय करणार आहेत ते?"

तिच्या मनात प्रेमच होते. पण मी नको म्हणाले. एक तर दारात आधार कार्ड दाखवावेच लागते. आणि दाखवावे लागले नसते तरी, तीन मुलांना घेऊन दुसऱ्याच्या नावाआडून मला कुठे शिरायचे नव्हते. मुलगी आठवीत आहे, तिला सगळे कळते. सुट्टीच्या घरात "इथे आपले नाव घेऊ नका" असे मुलांना सांगावे लागणार असेल, तर ती सुट्टी नव्हेच.

आतल्या हॉटेलचे बुकिंग ऑनलाइन होते. सगळ्यांची नावे भरली, पैसे कापले गेले, पावती आली. पाच मिनिटे लागली आणि नावाचा प्रश्न कुणी विचारला नाही. मला हायसे वाटले, हे खरे. पण त्या हायसे वाटण्याची किंमतही वहीत समोरच लिहिलेली होती. बंगल्यापेक्षा साडेसहा हजार जास्त. आमच्या घरात दोन पगार आहेत, आम्ही ते देऊ शकलो. माझ्या वर्गातल्या मुलांचे आई-वडील बिड्या वळतात, यंत्रमागावर काम करतात. त्यांनी कधी दोन रात्री कुठे जायचे ठरवले तर त्यांच्या हातात फोनच असणार आणि पलीकडची ती क्षणभराची शांतताही त्यांच्याच वाट्याला येणार. मोठ्या हॉटेलात माणूस अपमानापासून वाचतो खरा, पण तो पैसे मोजून वाचतो. यात बरोबरीचा हक्क मिळाला असे मला म्हणवत नाही.

तरीही, नकार मिळाला नसता आणि बंगला हातात आला असता, तर मी काय केले असते? हा प्रश्न मी स्वतःला प्रामाणिकपणे विचारला. उत्तर बंगल्याच्या बाजूने आले नाही, आणि त्याचे कारण अगदी घरगुती आहे.

बंगल्यात स्वयंपाकघर असते, हाच त्याचा मोठा फायदा सांगतात. आपले हलाल चिकन, आपला मसाला, आपल्या हातचे जेवण. पण हे 'आपले' हात कुणाचे? दिवसभर उन्हात फिरून रात्री आठला घाट चढून बंगल्यावर पोहोचल्यावर पुरुष मुलांना घेऊन अंगणात बसले असते आणि मी, जाऊ आणि गुडघे धरून अम्मी, आम्ही तिघी कांदा चिरत उभ्या राहिलो असतो. सकाळी पुन्हा चहा, अंडी, पराठे, भांडी. भाडे भरून घरचेच काम दुसऱ्या गावात नेऊन करायचे, याला किती बायका सुट्टी म्हणतात ते त्यांनाच विचारा.

मिस्टरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग बाहेरून मागवू." मी म्हटले, "मग स्वयंपाकघराचे पैसे कशाला द्यायचे?" यावर ते हसले आणि विषय संपला.

अम्मींना मात्र पटवावे लागले. त्या कधी हॉटेलात राहिल्या नव्हत्या. "मैं क्या करूंगी वां आके? तुम लोगां जाव. इत्ते पैसे में तो घर का रंग होता," हे त्यांचे पालुपद. शेवटी दिराने सांगितले, "अम्मी, तुम नै आए तो मैं बी नै जाता." मग त्या तयार झाल्या.

अशी हॉटेले मुळात निघाली का, हेही समजून घेण्यासारखे आहे. १९५५ मध्ये वॉल्ट डिस्नी यांनी कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडले, तेव्हा हॉटेल बांधायला त्यांच्याकडे पैसा नव्हता. जॅक रॅदर नावाच्या दुसऱ्याच उद्योजकाने शेजारी हॉटेल बांधले. मग आजूबाजूला मोटेलांची दाटी झाली आणि पाहुण्यांच्या मुक्कामाचा पैसा इतरांच्या गल्ल्यात जाऊ लागला. डिस्नी यांनी हे लक्षात ठेवले. फ्लोरिडात त्यांच्या कंपनीने वेगवेगळ्या नावांनी सुमारे २७ हजार एकर जमीन गुपचूप घेतली आणि १९७१ मध्ये तिथले उद्यान उघडले तेच स्वतःच्या दोन हॉटेलांसह. तेव्हा आतले हॉटेल ही पाहुण्यावरची मेहेरबानी नाही. खिशातला पैसा कुंपणाबाहेर जाऊ नये, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे. हे माहीत असले की माणूस भारावून न जाता हिशोब करतो.

आमचा दिवस कसा गेला? दहाच्या सुमारास पोहोचलो. खोली दुपारी मिळणार होती, तोवर सामान हॉटेलच्या काउंटरवर ठेवले. मुले 'नायट्रो'च्या रांगेत धावली. अम्मी 'अलीबाबा और चालीस चोर'च्या गाडीत बसल्या, हातात खेळण्यातली बंदूक घेऊन. नेम एकही लागला नाही, पण उतरल्यावर "और एक बार" म्हणाल्या. तीनच्या सुमारास त्यांचा चेहरा उतरला. धाकट्यालाही झोप येत होती. जाऊ दोघांना घेऊन खोलीवर गेली. अम्मींनी गरम पाण्याने वुजू केला, जोहर पढली आणि आडव्या झाल्या. आम्ही बंद होईपर्यंत आत राहिलो. मुक्काम लोणावळ्यात असता तर दोनच गोष्टी शक्य होत्या: अम्मींनी रात्रीपर्यंत बाकावर बसून राहायचे किंवा आठही जणांनी तीन वाजताच निघायचे. आतल्या मुक्कामाचा खरा उपयोग मला तिथे कळला. थकलेल्या माणसाला वाट पाहावी लागत नाही आणि ताज्या माणसाला घाई करावी लागत नाही.

रात्री आठही जण एका खोलीत जमलो. मांसाच्या बाबतीत आमचा नियम सोपा आहे. विचारायचे आणि शंका राहिली तर शाकाहारी खायचे. डाळ-भात आणि पनीर मागवले. स्वस्त नव्हते. इशाच्या वेळी एक गंमत झाली. आम्ही सोलापूरचे मुसाफिर, म्हणून आमच्या चार रकाती फर्जाच्या दोन झाल्या. मुंब्रा तेवढे दूर नाही, म्हणून दीर आणि जाऊ यांच्या पूर्ण चार. "भाई का सफर मोठा, सवाब किसका मोठा?" असे दीर म्हणाला आणि सगळे हसले.

जेवण झाल्यावर अम्मी सवयीने ताटे गोळा करायला उठल्या. जाऊने त्यांना बसवले. त्या थोडा वेळ नुसत्याच हाताकडे बघत बसल्या. मग दिराला जवळ बोलावून त्याच्या डोक्याला तेल लावायला घेतले. घरून तेलाची बाटली आणली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हते. रात्री बारापर्यंत त्यांचे बोलणे चालले होते. घरी ही वेळ भांड्यांची असते.

कुणी असा बेत करत असेल तर माझ्या अनुभवातल्या चार गोष्टी सांगते. उद्यानाआधीच्या रात्री नुसते झोपायचे असते, तेव्हा नातेवाइकांचे घर किंवा स्वस्त लॉज चालतो. महागडी रात्र घ्यायचीच तर ज्या दिवशी उद्यानात फिरणार त्या दिवशीची घ्या, म्हणजे दुपारपासून खोली हाताशी राहते. बाहेर पडल्यावर त्याच तिकिटावर परत आत सोडतात का, हे तिकीट काढतानाच विचारा. तरुण मंडळीच असतील तर आतल्या हॉटेलवर पैसे घालवू नका, खोपोलीतला लॉज उत्तम. पण सोबत म्हातारे माणूस किंवा लहान मूल असेल, तर आधी त्यांचा दिवस कसा जाईल ते पाहा, मग दर पाहा. आणि बंगला घेणार असाल तर कांदा कोण चिरणार हे निघण्याआधी ठरवा.

पाचवी गोष्ट माझी स्वतःची आहे. आता कुठेही खोलीसाठी फोन केला की मी पहिल्याच वाक्यात माझे पूर्ण नाव सांगते. तारीख, भाडे, ॲडव्हान्स सगळे त्यानंतर. ज्याला नाही म्हणायचे त्याने लवकर म्हणावे, माझा वेळ वाचतो. आणि "या की ताई" म्हणणाराही लवकर सापडतो.