काळीज

मराठीच्या तासाला 'काळीज' हा शब्द आला की आपण सारे हृदयच समजतो. मोल्सवर्थच्या कोशात मात्र पहिला अर्थ यकृत असा आहे. खाटकाकडे 'कलेजी' मागणाऱ्याला तो न शिकताच ठाऊक असतो! मला तो मामांच्या आजारपणाने शिकवला.

मामा दारव्हा तालुक्यातले, कापूस पिकवणारे, माळकरी. यवतमाळला सोनोग्राफीत यकृतात गाठ दिसली आणि सीटी स्कॅनसाठी आम्ही नागपूर गाठले. गावाने निदान आधीच करून टाकले होते : लिव्हर बिघडले म्हणजे माणूस चोरून पीत असणार! मामीला हे बोलणे गाठीहून अधिक लागले.

नागपूरच्या डॉक्टरांनी पडद्यावर चित्रे दाखवून समजावले. यकृताला रक्त दोन वाटांनी येते. सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल व्हेन या शिरेतून, उरलेले धमनीतून. हाताच्या शिरेत औषध सोडतात आणि सेकंद मोजून पुन्हा पुन्हा चित्रे घेतात. धमनीतले औषध आधी पोचते. ही कर्करोगाची गाठ बहुधा धमनीवरच पोसलेली असते, म्हणून ती आधी उजळते. मिनिटभराने सारे यकृत उजळते तेव्हा ती काळवंडते.

मामांच्या पोर्टल शिरेतही काहीतरी अडकलेले होते. खरा प्रश्न तोच. साधी रक्ताची गुठळी असती तर शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता. गाठच शिरेत शिरली असेल, तर तिच्या पेशी रक्ताबरोबर यकृतभर पसरू शकतात. गुठळीत रक्त खेळत नाही, म्हणून ती उजळत नाही. मामांच्या शिरेतला तुकडा गाठीबरोबरच उजळला होता. शीरही फुगली होती.

हे यंत्र हाऊन्सफील्ड या इंग्रज अभियंत्याचे. १९७१ साली त्यावर पहिल्या रुग्णाचा मेंदू पाहिला गेला आणि १९७९ साली त्याला नोबेल मिळाले. तो नोकरीला होता ईएमआय या ग्रामोफोनच्या तबकड्या काढणाऱ्या कंपनीत! एरवी मला याचे केवढे कौतुक वाटले असते.

"म्हंजे कापाकापी नाही न, डाक्टरसाहेब?" मामांनी विचारले.

"नाही काका. औषधांवर राहू."

मामा हसले. त्यांना सुटल्यासारखे वाटले असावे. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

रक्ततपासणीत कारण निघाले हिपॅटायटिस बी. हा विषाणू अनेकदा जन्मतःच आईकडून येतो आणि वर्षानुवर्षे गप्प राहतो. म्हणून तर आता बाळाला जन्मापासून २४ तासांच्या आत लस देतात. एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. तो कागद मामीने माझ्याकडून ओट्यावर, चार बाया जमलेल्या असताना, मोठ्याने वाचून घेतला. 'दारू' हा शब्द त्यात कुठे नाही ना, हे तिने दोनदा विचारले.

दोन्ही मामेभावांचे रक्त तपासले. दोघेही निर्दोष निघाले. लशीचा पहिला डोस झाला आहे, दुसरा पोळ्यानंतर.